तीन वर्षं, ४८ हजार किलोमीटर: इलेक्ट्रिक कारचा रिव्ह्यू, आणि आधी सॉकेट का बघायचं

गाडी घेऊन तीन वर्षं झाली, मीटरवर ४८ हजारच्या वर आकडा गेलाय, आणि आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच, घेऊ का, रेंज खरी किती देते, बॅटरी किती वर्षं टिकते. प्रत्येकाला तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवते. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण यातलं बरंचसं कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीला लागू पडतं, आणि नाव लिहिलं की लोक कंपनीवरूनच भांडत बसतात. माझी गाडी साधी हॅचबॅक, ४५ किलोवॅट अवरची (म्हणजे ४५ युनिटची) एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, घरात हीच एक गाडी. रोजचं जाणं-येणं ४० किमीच्या आसपास आणि महिन्यातून एखाद-दुसरी लांबची ट्रिप.

आधीच सांगून टाकते, गाडी मला मनापासून आवडलीये आणि परत घ्यायची वेळ आली तर इलेक्ट्रिकच घेईन. पण कोणी विचारलं की मी आधी रेंजचं काही बोलतच नाही, उलटा प्रश्न विचारते की रात्री गाडी उभी कुठे राहते आणि तिथे तुमच्या हक्काचा प्लग आहे का. असेल तर ही गाडी घरातली सगळ्यात कमी कटकटीची वस्तू होऊन जाते, रात्री लावली, सकाळी काढली, विषय संपला. नसेल तर कितीही भारी गाडी घ्या, तुम्ही दर तीन-चार दिवसांनी कुठेतरी तासभर गाडीत बसून मोबाइल बघत असणार. बिल्डिंगमध्ये पार्किंगला पॉइंट द्यायला कमिटी तयार आहे का हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या, तोंडी "हो हो बघू" यावर गाडी घेऊ नका. माझ्या ओळखीत एकांनी असंच केलं आणि आठ महिने ऑफिसजवळच्या चार्जरवर काढले, शेवटी वैतागून गाडी विकली. त्या गाडीत काहीच खोट नव्हती.

आता सॉकेट. यात मी स्वतः चूक केली म्हणून जरा सविस्तर लिहिते. गाडीबरोबर जो पोर्टेबल चार्जर येतो तो साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लागतो, साधारण ३ किलोवॅट ओढतो. आमच्याकडे पार्किंगच्या भिंतीमागेच जुना गिझरचा पॉइंट होता, तिथूनच सॉकेट बाहेर काढून घेतलं आणि दोन महिने झकास चाललं. मग एका रात्री पाणी प्यायला उठले तर जळक्या प्लास्टिकचा बारीक वास. खाली जाऊन प्लगला हात लावला तर हात ठेववेना इतका गरम, आणि काढल्यावर दिसलं की एका पिनच्या भोवतीचं पांढरं प्लास्टिक बिस्किटासारखं तपकिरी झालंय. वायरमन दादांनी सॉकेट उघडून दाखवलं, आतला टर्मिनलचा स्क्रू जेमतेम अर्धा आटा सैल होता, बस एवढंच. ते म्हणाले, "ताई, गिझर पंधरा मिनिटं चालतो नि बंद होतो, तुमची गाडी नऊ तास ओढते. गिझरला चाललं म्हणजे गाडीला चालेल असं नसतं." हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. सैल जोडावर रोध वाढतो, तिथेच उष्णता होते, उष्णतेने जोड अजून सैल होतो, असं ते वाढतच जातं.

म्हणून गाडीसाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढा, तिला वेगळी एमसीबी, त्या लाइनवर दुसरं काहीही नको. ७ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर कायमचा बसवायचा चार्जर, लावणार असाल तर तो ३२ अँपिअर सलग ओढतो, त्याला निदान सहा स्क्वेअरची (६ चौरस मिमी) तांब्याची वायर लागते आणि अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) लावताना एसी टाइपची चालत नाही, निदान ए टाइप हवी, आणि चार्जरमध्ये ६ मिलीअँपिअरची डीसी गळती ओळखायची सोय नसेल तर बी टाइप लागते. वायरमनला हा फरक माहीत आहे का हे विचारूनच काम द्या. अर्थिंग मोजून घ्या, कारण अर्थिंग खराब असेल तर बरेच चार्जर लाल दिवा दाखवून सरळ बंद पडतात आणि आपल्याला वाटतं गाडी बिघडली. मंजूर लोड पुरतो का तेही बघा. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको, एक रात्रसुद्धा नको. आणि वर्षातून एकदा सॉकेटचे नि एमसीबीचे स्क्रू टाइट करून घ्या, मी घरातल्या दिव्यांच्या मेंटेनन्ससोबत ते करून घेते.

वॉलबॉक्स हवाच का? रोजचं ४०-५० किमी असेल तर नाही हो. ३ किलोवॅटवर रात्रभरात २५ युनिट सहज जातात, म्हणजे दीडशे किमीच्या वर झालं. वाया जाणारी वीज धरा मात्र, मीटरवर ३० युनिट पडले तर बॅटरीत २६-२७ पोचतात, बाकीचे उष्णतेत जातात. वीजबिलाचा हिशोब करताना लोक हे विसरतात. तुमच्याकडे रात्रीचा दर कमी असेल तर गाडीत वेळ लावून ठेवायची सोय असते, ती वापरा. ११ किंवा २२ किलोवॅटचा एसी चार्जर (घरात येते त्याच एसी विजेवर चालणारा) घ्यायच्या आधी गाडीतला ऑनबोर्ड चार्जर कितीचा आहे ते बघा, तो ७ चा असेल तर भिंतीवर २२ चा लावून काडीचा फायदा नाही, कारण एसीला वेग ठरवतो तो गाडीतला चार्जर, भिंतीवरची पेटी नुसती वीज पुरवते.

रेंजबद्दल. ब्रोशरवर माझ्या गाडीला ४५० लिहिलं होतं. मी पहिल्याच महिन्यात किमी मोजणं सोडून दिलं आणि एका युनिटला किती किमी जाते हे बघायला लागले, ते जास्त खरं असतं. माझी शहरात साधारण ७, हायवेला ताशी १०० ने पावणेसहा-सहा, आणि १२० ने गेलं की साडेचार. आता ४५ ला गुणून बघा म्हणजे एकच गाडी ३१५ पण देते आणि २०० पण देते. यात फसवणूक कमी आणि भौतिकशास्त्र जास्त आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १२० वर गेलात की वेग दीडपट होतो पण विरोध सव्वादोन पट. आणि कंपनीची टेस्ट तशी संथच असते, डब्ल्यूएलटीपी या रेंज मोजायच्या टेस्टचा सरासरी वेग ताशी ४६.५ किमी आहे, आणि तीही त्याआधीच्या एनईडीसी टेस्टपेक्षा बरीच कडक मानतात. म्हणून हायवे जास्त असेल तर ब्रोशरच्या आकड्यातला एक तृतीयांश काढून टाका, आणि उरलेलंही पूर्ण वापरायचं नसतं, कारण लांबच्या प्रवासात आपण २० ते ८० टक्क्यांमध्येच खेळतो. म्हणजे ४५० ची गाडी प्रत्यक्षात दर पावणेदोनशे-दोनशे किमीला थांबते. हे आधीच मान्य असेल तर त्रास होत नाही, घेतल्यावर कळलं तर होतो.

कडाक्याच्या थंडीत अजून कमी होते. पेट्रोलच्या गाडीत हीटर फुकट असतो, इंजिनची वाया जाणारी उष्णताच आत येते, इथे ती बॅटरीतून काढावी लागते. थंड भागात राहत असाल तर हीट पंप (उलट्या चालणाऱ्या एसीसारखा, कमी विजेत गरम करणारा) असलेलीच गाडी घ्या, साधा पीटीसी म्हणजे कॉइलसारखा विजेवर तापणारा हीटर खूप खातो. नाहीतर सीट आणि स्टिअरिंग गरम करायची सोय बघा, ती फार कमी वीज घेते. उन्हाळ्यातल्या एसीची लोक उगाच भीती घालतात, गाडी एकदा थंड झाली की तो साधारण एक किलोवॅटच्या आत-बाहेर चालतो, हायवेला जाणवत पण नाही, ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात तर थोडा जाणवतो. निघायच्या दहा मिनिटं आधी, चार्जर लावलेला असतानाच, ॲपवरून एसी किंवा हीटर चालू करा, ती वीज घरातून जाते. छोटी गोष्ट आहे पण मला सगळ्यात जास्त आवडलेल्या सुखांपैकी हे एक.

रस्त्यावरच्या मोठ्या मशीनवरच्या डीसी फास्ट चार्जिंगचं गणित वेगळं, तिथे वीज गाडीतल्या चार्जरला वगळून थेट बॅटरीत जाते. १२० किलोवॅटच्या मशीनला लावली म्हणून १२० मिळत नाहीत, माझी गाडी ५० च्या वर घेतच नाही, आणि मशीनला दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असतील नि शेजारी दुसरी गाडी लागली तर बऱ्याच मशीनमध्ये पॉवर दोघांत वाटली जाते. १० ते ८० ला मला पाऊण तास लागतो, आणि ८० ते १०० ला जवळपास तेवढाच परत, कारण भरत आलं की गाडी स्वतःच वेग उतरवते. त्यामुळे ८० ला गन काढा आणि निघा, मागे कोणी थांबलं असेल तर तेही बरं. गाडी घेताना "१० ते ८० किती मिनिटं" हाच आकडा विचारा, सेल्समन "कमाल १५० किलोवॅट" सांगतो तो शिखरावरचा आकडा, तिथे गाडी चार-पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही असं होऊ शकतं. थंडीत थंड बॅटरी घेऊन चार्जरवर गेलात तर वेग अर्ध्यावर येतो, बॅटरी आधी गरम करायची सोय असेल तर नेव्हिगेशनमध्ये चार्जर टाकूनच जा.

पहिल्या वर्षी एकदा चांगलीच धडकी भरली होती. रात्री साडेदहा, बॅटरी ९ टक्के, ॲपवर चार्जर हिरवा, आणि पोचले तर मशीनच्या स्क्रीनवर नुसता काळोख. कस्टमर केअरवाले तीन वेळा "रीस्टार्ट करतोय मॅडम" म्हणाले, पण काही उपयोग झाला नाही. मुलगी मागे झोपलेली. पुढचा चार्जर १४ किमीवर. एसी बंद केला, काचा थोड्या खाली, आणि डाव्या लेनने ताशी ५० ने गेले. पोचले तेव्हा ५ टक्के उरले होते. म्हणजे घाबरले त्या मानाने गाडीने नीट साथ दिली, वेग उतरवला की ती खरंच लांब जाते, हे मला त्या रात्री कळलं. तेव्हापासून १० टक्क्यांवर पोचायचा प्लॅन मी करतच नाही, २० वर पोचायचं आणि आसपास दुसरा चार्जर आहे का ते आधी बघून ठेवायचं. एकच मशीन असलेल्या जागेपेक्षा चार मशीन असलेली जागा दहा किमी वाकडी असली तरी बरी. आणि हिरवा रंग बघून विश्वास ठेवू नका, शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते ॲपमध्ये दिसत असेल तर ते बघा.

बॅटरी. घेताना केमिस्ट्री विचारा, शोरूममध्ये माहीत नसेल तर मॅन्युअल मागून वाचा. ढोबळमानाने दोन प्रकार, एलएफपी आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). एनएमसी वजनाच्या मानाने जास्त वीज साठवते पण तिला रोज ८० टक्क्यांवर थांबवलेलं बरं, १०० फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री. एलएफपी जास्त सायकल, म्हणजे भरण्या-रिकामं होण्याच्या फेऱ्या, टिकते, १०० ला एवढी कुरकुर करत नाही, पण थंडीत हळू चार्ज होते. एलएफपीचं अजून एक, तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे बॅटरी किती उरलीये हे गाडीला व्होल्टेजवरून नीट ओळखता येत नाही. मी कुठेतरी वाचून चार महिने ८० च्या वर चार्जच केलं नाही, आणि एक दिवस २२ टक्के दाखवत असताना सिग्नलवर डोळ्यांदेखत १३ झाले. मला वाटलं बॅटरी गेली. मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं होतं की ठराविक दिवसांनी १०० टक्के भरा म्हणजे आकडा जुळतो, दोन वेळा पूर्ण भरल्यावर ठीक झालं. तेव्हा इंटरनेटवरच्या सल्ल्याच्या आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल, माझ्या या सल्ल्याच्या आधीसुद्धा.

दोन्ही प्रकारच्या बॅटरीला नको असतं ते म्हणजे भरलेल्या अवस्थेत उन्हात दिवसच्या दिवस उभं राहणं. गावाला जाताना ५०-६० वर ठेवून जा. आणि बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का हे बघाच. निसानची लीफ २०१० मध्ये आली, तिच्या बॅटरीला असं ॲक्टिव्ह कूलिंग नव्हतं, आणि अमेरिकेत ॲरिझोनासारख्या उष्ण भागात त्या सुरुवातीच्या गाड्यांची क्षमता लवकर उतरली, मालकांनी दावेही लावले. मला तीन वर्षांनी सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीची तब्येत म्हणजे एसओएच ९४ टक्के सांगितलीये, मी समाधानी आहे. वॉरंटी बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी देतात, त्यात क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर, अशी अट असते. म्हणजे ७२ वर आली तर काही मिळणार नाही, हे समजून घ्या. दुसऱ्या मालकाला वॉरंटी जाते का, सर्व्हिस चुकली तर काय, खालून पॅकला दगड लागला तर तो विम्यात की वॉरंटीत, हे सगळं बारीक अक्षरात असतं. पाण्याचंही तसंच, आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ती चाचणीतली गोष्ट आहे, पुरातून गाडी घालायचा परवाना नव्हे.

एवढी मोठी बॅटरी असताना माझी गाडी बंद पडली ती मात्र छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे. बारा दिवस बाहेरगावी होतो, परत आलो तर चावीला गाडी ओळखच देईना. मोठ्या बॅटरीत ६० टक्के होते, पण ती जोडणारे कॉन्टॅक्टर (मोठे स्विच) १२ व्होल्टवर चालतात, छोटी मेली की मोठी असून नसून सारखीच. मी ओबीडी पोर्टला (गाडीची माहिती वाचायच्या सॉकेटला) एक डोंगल लावून ठेवला होता, त्याने हळूहळू ती पिऊन टाकली. रिमोटच्या आत एक लोखंडी चावी लपलेली असते, ती कशी निघते आणि दारावरचं भोक कुठल्या टोपीखाली आहे हे घरातल्या सगळ्यांनी एकदा करून बघा. आम्ही टॉर्च तोंडात धरून वीस मिनिटं शोधलं. तसंच चार्जिंग गन अडकली तर हाताने सोडवायची दोरी कुठे आहे तेही, माझ्या गाडीत ती डिकीतल्या कव्हरच्या मागे आहे. टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा, चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरते, वीज तयार होते आणि नुकसान होतं.

चालवायला सुख आहे, आवाज नाही, गिअर नाही, पिकअप तर विचारूच नका. रीजेन ब्रेकिंगची सवय मात्र लागते, म्हणजे पाय उचलला की मोटरच गाडी हळू करते आणि ती वीज बॅटरीत परत टाकते. मला सगळ्यात जोरदार लेव्हल आवडायची, पण आई मागे बसली की दहा मिनिटांत मळमळायचं, पाय उचलला की गाडी हिसका देते ना. आता ती बसली की लेव्हल एक, आणि पाय हळू उचलते. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना रीजेन जवळजवळ नसतंच, वीज ठेवायला जागा नाही म्हणून, तेव्हा सकाळी घाटाने उतरताना ब्रेक पायानेच लावायचा आहे हे लक्षात ठेवा. एरवी ब्रेक इतके कमी लागतात की डिस्कवर गंज येतो, अधूनमधून दोन-चार जोरात ब्रेक मारून घेते.

मेंटेनन्स खरंच कमी. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. केबिन फिल्टर, ठराविक मुदतीला ब्रेक फ्लुइड, बॅटरीचं कूलंट, बस. वाचलेले पैसे थोडे टायरमध्ये जातात, गाडी जड आणि टॉर्क एकदम येतो, माझे पुढचे दोन ३४ हजारला संपले. आणि स्पेअर टायर आहे का हे डिकी उघडून बघा, पुष्कळ गाड्यांत नुसतं पंक्चर किट असतं आणि साइडवॉल फाटली तर त्याचा उपयोग नाही. मला घेताना हे सुचलंच नाही.

सध्या ताईसाठी सेकंडहँड बघतोय. इलेक्ट्रिक जुनी गाडी नवीच्या मानाने बरीच उतरते त्यामुळे घेणाऱ्याला चांगला सौदा मिळू शकतो, पण मीटरपेक्षा एसओएचचा रिपोर्ट बघायचा, आणि पैसे द्यायच्या आधी गाडी एसीला पण लावायची आणि डीसीला पण. परवा एक गाडी दोघींना फार आवडली होती, रंग सुंदर, कमी चाललेली, घरी एसीला छान चार्ज झाली. मालक म्हणाले डीसीची काय गरज, आम्ही कधी लावलीच नाही. तरी ताईने हट्टाने डीसी चार्जरवर नेली, गन लावली, मशीनने दोनदा खट्‌ केलं आणि एरर दाखवून थांबलं, शेजारच्या मशीनवर पण तेच. सौदा तिथेच सोडला, पुढच्या रविवारी अजून दोन बघायला जातोय.